तांदळातलं नाव

नव्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहून तिनं तो उघडला. भाषा मराठी निवडली, वायफाय जोडलं. मग पडद्यावरच्या चौकटीनं तिचं नाव विचारलं. उद्यापासून तिचे संस्कृतचे ऑनलाइन वर्ग सुरू होणार होते; मुलांना हेच नाव दिसणार होतं.

खुर्चीमागे उभा राहून नवरा म्हणाला, "लिही, शलाका."

लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं त्यानंच हे नाव गिरवलं होतं. पाहुण्यांनी ते वाचून टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे तिलाही कळलं होतं.

एकेक अक्षर शोधत तिनं टाइप केलं: यमुना.

"अगं, हे माहेरचं झालं! नाव चुकलंय तुझं."

"चुकलं होतं, तेव्हा, तांदळात," ती म्हणाली आणि तिनं 'पुढे' दाबलं.