पीळ

लेकीने बनवलेल्या यंत्राचा पट्टा छातीला बांधून बाबा बसले होते. पडद्यावर त्यांची फुप्फुसं दिसायची सोडून नुसत्या मुंग्या. पट्ट्याच्या वायरी खोलीतल्या विजेची सगळी खरखर ओढून घेत होत्या, आणि यंत्र बघायला आलेल्या डॉक्टरीणबाई घड्याळ बघत होत्या.

"वायरींना एकसारखा पीळ हवा. माझ्या हातून सैलच पडतो," लेक रडकुंडीला आली.

"आण इकडे."

बाबांनी भराभर, पार टोकापर्यंत घट्ट पीळ घातला. मुंग्या पळाल्या. फुप्फुसं लख्ख दिसू लागली.

"काका, तुम्ही वायरमन होतात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! हिची आई गेली तेव्हा ही पहिलीत होती. शाळेत रोज दोन वेण्या लागायच्या. त्यापेक्षा वायरी बऱ्या, मान तरी हलवत नाहीत."