नालेची खूण

“ह्यात काही राम नाही, आजी,” शेखर म्हणाला आणि हातड्रिल पुन्हा बाजेवर ठेवलं.

ठेवताना त्याने ते हळूच उलटं करून पाहिलं. मोठ्या चाकामागे, गंजाखाली, घोड्याच्या नालेची खूण होती. विलायतेतल्या कधीच्याच बंद पडलेल्या कारखान्याची. शेखरचं नाशिकचं कपाट जुन्या हातड्रिलांनी भरलेलं होतं, पण हे ड्रिल त्याने फक्त फोटोत पाहिलं होतं.

मनमाडचा हा पत्ता त्याला हर्षल या मित्राने दिला होता. त्यालाही हाच नाद. ‘मग तूच का नाही आणलंस?’ असं विचारल्यावर तो भलतीकडे बघत म्हणाला होता, ‘बायको ओरडते रे. तू जा.’

बयाबाई शेंगा फोडत होती. “मालकांचं येवढंच ऱ्हायलंय बघा. ते गेल्यापून कुणी हात नाय लावला.”

“दाते झिजलेत. असली जुन्या बाजारात ढिगानं पडलेली असतात.”

“आसंल बाबा. मला काय कळतंय त्यातलं?” तिने त्याच्या गळ्याकडे पाहिलं. “तुम्ही माळकरी मानूस. तुम्ही कशाला खोटं बोलताल?”

शेखरने तुळशीची माळ शर्टाच्या आत सारली. खिशातल्या नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. भंगाराच्या मानाने पुष्कळ, ड्रिलच्या मानाने काहीच नाही. बयाबाईने त्या कपाळाला लावल्या. “देव तुमचं भलं करो.”

तो जवळजवळ पळतच स्टेशनवर आला.

घरी त्याने ड्रिल कपाटात न ठेवता पलंगाखाली ढकललं. एरवी नवं काही मिळालं की आधी ग्रुपवर फोटो जायचा.

“अहो, आणलंत ते दाखवा तरी कुणाला,” बायको उज्ज्वला म्हणाली. “एवढ्या उन्हाचे गेलात ते!”

“बघू नंतर.”

“चोरून आणल्यासारखं काय करताय?”

त्याने पायाने ड्रिल आणखी आत सरकवलं.

संध्याकाळी पंचवटीत कीर्तन होतं. शेखर नेहमीसारखा टाळ घेऊन मागे उभा राहिला. बुवा रंगात आले होते.

“देव भोळा आहे हो माझा! त्याला फसवता येतं,” बुवा म्हणाले. “पण फसवून झाल्यावर त्याच्याच पुढ्यात उभं राहून टाळ वाजवून दाखवा!”

मंडळी हसली. शेखरचा टाळ चुकला. पुन्हा धरला, पुन्हा चुकला.

“काय शेखरराव,” पखवाजावरचे निवृत्ती कुजबुजले, “टाळ आज उपाशी आहेत का?”

शेखरने टाळ खाली ठेवले. गजर टिपेला पोचला होता आणि त्याला मान वर करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो बयाबाईच्या दारात उभा होता. ड्रिल पंच्यात गुंडाळलेलं होतं.

त्याला पाहून ती दचकली. “काय झालं भाऊ? मोडलं का?”

“मोडलं नाही. मी मोडलो.” त्याने ड्रिल बाजेवर ठेवलं. “आजी, मी खोटं बोललो. ही वस्तू फार दुर्मिळ आहे. मला माहीत होतं, तरी तुम्हाला फसवलं. परत ठेवून घ्या. नाहीतर खरी किंमत सांगतो, ती घ्या. पण मला मोकळं करा.”

तो वाकला आणि त्याने तिच्या पायांना हात लावला.

बयाबाईने पाय झटकन मागे घेतले. “नगा! माझ्या पाया नगा पडू!”

“आजी, माझी चूक—”

“गप बसा वो!” तिने पदर तोंडाला लावला. मग तिने आतल्या खोलीचं दार ढकललं.

आत तिचा मुलगा मनोज हातोडी घेऊन बसला होता. समोरच्या कोऱ्या चाकावर तो घोड्याच्या नालेचा ठसा ठोकत होता. भिंतीशी मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटावर तसलीच नवी ड्रिलं ओळीने गंजत पडली होती.

“लय जणांनी नेलं, भाऊ,” बयाबाई खाली मान घालून म्हणाली. “लाजंनं माघारी कुणीच येत नाय.”