रिळाची दुसरी बाजू

कोतोवादक कुरामोची सेन्सेईंनी जुना स्पूल टेपरेकॉर्डर माझ्या ओसाकातल्या दुरुस्तीच्या दुकानात आणून ठेवला. "माझ्या वादनामागं कुणी बाई उलटं बडबडते, पोरी. तेवढी गप्प कर."

माझी आई त्यांची शिष्या. तिची रचना त्यांनी स्वतःची म्हणून मिरवली आणि आई खोटारडी ठरूनच गेली. मी तिची मुलगी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

टेप वाचणारं हेड जागचं सरकलं की रिळाची दुसरी बाजू उलटी ऐकू येते. ती बाजू पुसायची ते विसरले होते. मी हेड नीट बसवलं, रीळ पालटलं.

"सेन्सेई, ही माझी नवी रचना. चुकलं तर सांगा हं," आई म्हणाली आणि वाजवू लागली. पाठीशी बांधलेलं माझं बाळ रडत होतं, ते थांबलं.



"झालं दुरुस्त, सेन्सेई," ते रेकॉर्डर न्यायला आले तेव्हा मी म्हणाले. "बाई आता सरळ बोलते. आज सकाळी रेडिओवरही बोलली."