लेकराची मुभा

"लेकराला नुसतं नाव देऊन भागत नाही गं, वाटही दाखवावी लागते," उर्मीची सुईण आई म्हणायची.

चाचणी पुन्हा फसली तेव्हा तिला ते आठवलं. तिच्या कॅमेऱ्याची चित्रं मेमरीत पोचत नव्हती. आज जमलं नाही तर वर्षभराचं काम बाद. कॅमेरा जिच्या हाताखाली होता, ती मोठी चिप मात्र तिथे खुशाल लिहीत होती. मग आईला मुभा आणि लेकरालाच मज्जाव का?

तिचे वरिष्ठ टिळेकर सर यांनी लिहिलेला चिपचा ड्रायव्हर, म्हणजे चिपला चालवणारा प्रोग्राम, तिने उघडला. त्यात कॅमेऱ्याचं नाव होतं, मेमरीत थेट लिहायची मुभा नव्हती. आईची मुभा लेकराला देणारी ओळ तिने घातली, आणि पडद्यावर तिचाच चकित चेहरा उमटला.

सर मागेच उभे होते. "महिनाभर तुझ्या कोडला बोल लावला," ते म्हणाले. "चूक माझी होती, पोरी. सोमवारीच सापडली होती मला, पण सांगायला जीभ धजली नाही."