तापली की बंद पडते

ट्रक गॅरेजसमोर आला, दोनदा कण्हला आणि गप्प झाला.

"आज तिसऱ्यांदा," ड्रायव्हर खाली उतरत म्हणाला. साठीला टेकलेला, ट्रकइतकाच खिळखिळा. "गार असते तेव्हा वासरासारखी पळते. तापली की संपलं. भंगारात घालायच्या लायकीची आहे, बाकी काही नाही."

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. गरम हवेची लाट वर आली आणि रस्ता, झाडं, कुंपण, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हललं. त्या हलत्या उन्हातून केबिनमधली मुलगी दिसली. काचेला डोकं टेकून पेंगत होती. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा तो तिच्या मांडीवर पडला होता.

"लेक माझी. सासरी सोडायला निघालोय. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"हाताला काय झालं?"

"पडली."

"पाडलं," केबिनमधून आवाज आला. झोपेत बोलावं तसा.

बाप दुसरीकडे बघायला लागला. दोन्ही घरातली मोठी माणसं यावर बैठकीला बसली होती. नवऱ्याने शब्द दिला होता, यापुढे हात उचलणार नाही. मोठ्यांना तेवढं पुरलं. जिचा हात मोडला तिला त्या बैठकीत कुणी बोलावलं नव्हतं.

फोन वाजला. बायकोचा होता. "अगं, मी काय मुद्दाम करतोय का?" बाप ओरडला आणि फोन मिस्त्रीपुढे धरला. "तूच सांग हिला. माझ्यावर विश्वास नाही बाईसाहेबांचा."

"बंद आहे, काकू. बघतोय मी."

"लवकर बघा. तिकडे वाट बघतायत."

मिस्त्रीने डिझेलचा फिल्टर काढून पाहिला. स्वच्छ. पाइप कुठे गळत नव्हते. इंजिनावरचा छोटा हातपंप मारून पाइपातली हवा काढली तसं इंजिन लागलं, आणि झकास लागलं. त्या घरघरीत दुपारही पेंगायला लागली. मुलगी उतरून सावलीत बाकावर बसली. डोळे मिटून ती इंजिन ऐकत होती. बऱ्याच वेळाने आवाज पातळ झाला, धाग्याएवढा झाला, तुटला. मुलीचे खांदे खाली आले.

"अजून किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"घाई आहे?"

"मला? नाही."

मिस्त्री टाकीकडे गेला. टोपण फिरवताच टाकीने श्वास ओढला, बुडता माणूस वर येऊन ओढतो तसा. टोपणाला हवा आत जाण्यासाठी एक बारीक भोक असतं. ते बुजलं की डिझेल संपेल तशी आत पोकळी धरते आणि इंजिनाचा घसा आवळतो. लोकांना वाटतं, तापली म्हणून बंद पडली.

हे भोक घाणीने बुजलं नव्हतं. त्यात साबण होता, बोटाने दाबून बसवलेला.

मिस्त्रीने सवयीने तार घालून तो काढून टाकला. मग मान वर केली. मुलगी त्याच्याकडेच बघत होती.

"सापडलं का रे?" बापाने ट्रकच्या पलीकडून विचारलं.

मिस्त्रीने टोपण लावून टाकलं. "नाही. पंप उतरवावा लागेल. आज गाडी हलत नाही."

"शब्द दिलाय मी तिकडे."

"मग शब्दाला पुढे पाठवा पायी. गाडी राहू द्या."

बापाने एक कचकचीत शिवी हासडली, ट्रकला की मिस्त्रीला ते कळलं नाही. "आत जाऊन पड जरा," तो लेकीला म्हणाला. ती गॅरेजमधल्या खाटेवर जाऊन आडवी झाली आणि पडल्या पडल्या झोपली. कित्येक रात्रींची राहिलेली झोप असावी.

बाप टाकीपाशी आला. टोपण काढून त्याने उजेडात धरलं. मोकळ्या भोकातून उन्हाचा ठिपका त्याच्या गालावर पडला.

मिस्त्रीने आवाज खाली आणला. "काका, पोरीला काही बोलू नका. तिच्या जागी मी असतो तर इंजिनात वाळू ओतली असती."

"तिला यातलं काही माहीत नाही," म्हातारा म्हणाला. त्याने खिशातून साबणाची झिजलेली वडी काढून मिस्त्रीच्या हातावर ठेवली. "तूच बसव. माझ्या हाताने सैल बसतो, गाडी पुन्हा पुन्हा सुरू होते. पोरगी उगाच इथपर्यंत आली."