विकायला काढलेली पिकअप

रोपवालीने चावी फिरवली. स्टार्टर घरघरला, दमला, थांबला. इंजिनाने हूं की चूं केलं नाही.

"अरेच्चा!" म्हणत मिस्त्री बॉनेट उघडून आत वाकले.

गॅरेजच्या दारात उभ्या असलेल्या मिस्त्रीणबाईंनी ते 'अरेच्चा' ऐकलं. आधीच्या गिऱ्हाइकांच्या वेळीही हेच, याच सुरात. रोज सकाळी ही पिकअप पहिल्या फटक्यात चालू व्हायची. मिस्त्री तिला गल्लीच्या टोकापर्यंत फिरवून आणायचे आणि जागेवर लावायचे. गिऱ्हाईक आलं की मात्र तिची दातखीळ बसायची. गाडीला माणसं ओळखता येतात की काय, असं मिस्त्रीणबाईंना आधी वाटलं. मग त्या गाडीकडे बघायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघू लागल्या.

पिकअप जुनी, त्या दोघांच्या लग्नाआधीची. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, सगळं सुटं करून मिस्त्रींनी नव्याने बसवलं होतं. पत्र्याला हात लावला नव्हता. पोचे तसेच, विटका हिरवा रंग तसाच. "गाडी आतून चालते," ते म्हणायचे. ती विकली की गॅरेजला टाळं लावायचं आणि कायमचं लेकीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. लेकीने खोली रंगवून ठेवली होती. फोनवर ती विचारायची, "आई, विकली का?" मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "बघायला आले होते." जणू घरात लग्नाची मुलगी होती.

परवा गाडी झाडताना डाव्या बाजूला सीटच्या मागे त्यांच्या बोटांना एक बटण लागलं. डोळ्यांनी दिसणार नाही अशा बेताने बसवलेलं. ते खाली करून त्यांनी चावी फिरवली, तर नुसतीच घरघर. वर केलं, तर गाडी पहिल्या फटक्यात चालू. त्यांनी बटण होतं तसं ठेवलं आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागल्या.

"मीही बसते जरा," म्हणत त्या आता रोपवालीच्या शेजारी चढून बसल्या.

बॉनेटच्या आडून मिस्त्रींचं डोकं वर आलं. "तू कशाला?"

"का? मी बसले तर टायर बसतील?"

डोकं खाली गेलं.

रोपवालीची गावाबाहेर रोपवाटिका होती. कुंड्या आणि झाडं पोचवायला तिला गाडी हवी होती. नखांत माती होती आणि घाई कसलीच दिसत नव्हती. स्टिअरिंगवरून हात फिरवत तिने आवाज खाली आणला.

"काकू, काकांचा फार जीव आहे का हिच्यावर?"

"का गं?"

"आमच्या बाबांनीही अशीच एक विकायला काढली होती. चार वर्षं विकत होते."

मिस्त्रीणबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी ओठांत धरलं. "मग?"

"मग काय, बाबा दाढ काढायला गेले आणि तेवढ्यात आईने गाडी देऊन टाकली."

"आणि बाबा?"

"आठ दिवस अबोला. आधी वाटलं, दाढेमुळे बोलत नाहीत. मग एक दिवस दुसरी ओढत घेऊन आले. पहिलीहून मोडकी."

"ताई, प्लगमध्ये कचरा दिसतोय," बॉनेटखालून आवाज आला. "आज काही खरं नाही. तुम्ही पुढच्या महिन्यात या."

मिस्त्रीणबाई पुढे वाकल्या. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून नवऱ्याचे हात दिसत होते. पाना बाजूला पडला होता. हात काहीच करत नव्हते. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावेत तसे इंजिनावर नुसते टेकले होते.

मिस्त्रीणबाई थोडा वेळ ते हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, बाजूला व्हा." त्यांनी सीटमागे हात घातला. "फिरव गं चावी."

गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

मिस्त्री दोन पावलं मागे सरले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. थेट बायकोकडे पाहिलं.

"सापडलं तुला?"

"परवाच."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

मिस्त्रींनी बॉनेट लावलं. खिशातलं फडकं काढून हात पुसले आणि स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसले. मग मिस्त्रीणबाईंच्या खिडकीशी आले.

"तिकडे जाऊन मी करू काय, ते सांग."

रोपवाली समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. लेकीची खोली, तिचा रंग, खिडकी कुठे आहे, सगळं मिस्त्रीणबाईंना ठाऊक होतं. हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"ते मलाही माहीत नाही," त्या म्हणाल्या. "जाऊन बघू की."

गाडीला पुढून वळसा घालून मिस्त्री पलीकडच्या खिडकीशी गेले आणि दारावर हात ठेवला.

"थंडीत चोक अर्धाच ओढायचा, ताई. पूर्ण ओढलात की रुसते. दुसऱ्या गिअरला घाई करायची नाही, त्याचा तो बसतो. आणि चढावर असलात की..."

रोपवालीने क्लच हलकेच सोडला. गाडी गॅरेजबाहेर सरकली. मिस्त्रींचा हात दारावरून सुटला नव्हता. बोलत बोलत ते गाडीबरोबर चालू लागले.

"थांबवू का, काकू?" रोपवालीने हळूच विचारलं.

"नको," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "अशीच सावकाश चालू दे. त्यांचं अजून सांगून व्हायचंय."