कुठली ताटं?

"रडका पिक्चर? वामन्या, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?" रामराव टॉकीजच्या पायरीवर पोट धरून हसत होते. "येक नंबर कॉमेडी! तू रडका म्हणून राह्यला!"

वामनराव मात्र हसले नाहीत. घनसावंगीच्या या पत्र्याच्या टॉकीजमध्ये बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ असे. दोघे शाळासोबती तो कधी चुकवत नसत. खरी मजा खेळ सुटल्यावर येई. वामनराव एक म्हणाले की रामराव हटकून उलटं म्हणत. मग चहाच्या हॉटेलापर्यंत वामनरावांना सगळा सिनेमा पहिल्यापासून, अगदी कुणाच्या अंगावर कुठला सदरा होता इथपर्यंत, सांगावा लागे. पत्नी शरयू गेल्यापासून वामनरावांचं आठवड्याचं बोलणं असं एका दुपारीच होऊन जाई.

आजचा सिनेमा होता मोठा विचित्र. सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण मारून मारून थकलेला. नेम धरला की त्याला जांभई येते. मधेच गाणी, मधेच मारामारी. मेलेली माणसं येऊन त्याला तंबाखू मागतात. पब्लिक नुसतं लोळत होतं.

"जेवताना काय म्हणतो?" रामरावांना पुन्हा हसू फुटलं. "वरण इतकं पातळ झालं, की गिऱ्हाइकाला याच्यातच बुडवतो, गोळी वाचंल! हसू न्हाई तर काय करू?"

"हे तो कुणाला म्हणतो, रामा? घरात एकटा असतो तो. दोन ताटं वाढून बसलेला असतो. समोरच्या रिकाम्या जागेशी बोलतो."

"ताटं? कुठली ताटं?"

वामनरावांचं तोंड उतरलं. शरयू गेली त्या महिन्यात एका दुपारी त्यांनी सवयीनं दोन ताटं वाढली होती. कळल्यावर कितीतरी वेळ ती उचलवेनात. ही गोष्ट त्यांनी साऱ्या जगात एका रामरावांना सांगितली होती.

"माझी थट्टा करतोस?"

"न्हाई रं," रामराव चाचरले, "ध्यान नव्हतं माझं."

पायऱ्या उतरताना रामराव नेहमी वामनरावांचं कोपर धरत. गर्दीत ढकलाढकली होते म्हणत. त्या दिवशी वामनराव कोपर न देताच निघाले. मागून हाक आली, "वामन्या, थांब की!" ते थांबले नाहीत.

पुढचा आठवडा फार लांबला. वामनराव पुस्तक उघडत आणि एकाच पानावर बसून राहत. राग दोन दिवसांत ओसरला. मग उरली ती शंका. एवढी माणसं हसली, रामा हसला. आपल्यालाच तेवढं रडू यावं? ताटं खरंच दोन होती? की पडद्यावर एकच होतं आणि दुसरं आपण आपल्या घरातून नेलं?

बाजारच्या दिवशी तोच सिनेमा होता. नवीन सिनेमाच्या पेट्या आल्या नव्हत्या. खेळ सुरू झाल्यावर वामनराव हळूच आत शिरले आणि मागच्या बाकावर टेकले. टॉकीज अर्धंअधिक रिकामं होतं. पुढे, नेहमीच्या बाकावर, रामरावांचा पांढरा पटका दिसला. शेजारच्या जागेवर त्यांनी उपरणं पसरून ठेवलं होतं.

सिनेमा जेवणाच्या प्रसंगापर्यंत येत होता. वामनराव डोळे ताणून बसले. मारेकरी घरात आला, दार लावलं, आणि अचानक पडदा काळा झाला. मशीनच्या दिव्यातला कार्बन जळून संपला की असं व्हायचं. चित्र जायचं, आवाज तेवढा चालू राहायचा. क्षणभर लोकांना काही कळेना. सगळं टॉकीज अंधारात गप्प बसलं. त्या अंधारात एका मेलेल्या माणसाचा आवाज म्हणाला, "मालक, जरा चुना तरी द्या."

रामराव मोठ्यानं हसले.

एकटेच हसले. मनापासून, मांडीवर थाप मारून.

मग शिट्ट्या सुरू झाल्या, पत्र्यावर काठ्या वाजल्या. "अय मशीनवाले, झोपला का?" रामरावांचं हसू मधेच तुटलं. त्यांनी मान इकडून तिकडे फिरवली आणि सगळ्यांच्या मागून तेही ओरडले, "हां, पिक्चर दाव की!"

पडदा काळा झाल्याचं रामाला दिसलंच नव्हतं. कोपर. सदऱ्यांचे रंग. दर आठवड्याचं उलटं बोलणं. रामरावांचा मुलगा देवानंद जालन्याच्या एमआयडीसीत होता. मागच्या दिवाळीला तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "बाबा धड हैत तवर ऱ्हाऊ द्या इथं. जरा काही झालं, की मी उचलून नेतो."

ते उठले. बाक चाचपत पुढे गेले, उपरणं उचलून मांडीवर घेतलं आणि बसले.

"वामन्या?"

"हां."

"लई उशीर केला."

"केला खरा."

पडद्यावर पुन्हा उजेड आला. चित्र हललं. मारेकरी वरणाबद्दल बोलला, आणि सगळं टॉकीज खदखदून हसलं. रामराव हसले नाहीत. त्यांनी वामनरावांचं कोपर शोधून धरलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"ताटं वाढली का रं त्यानं?"

"वाढली," वामनराव म्हणाले. "दोन."